दोन युद्धनौका आणि आमचे मामा

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडे उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले, की त्यांना दाखवायच्या ठिकाणांची एक ठरलेली यादी असते. डरहॅमचे कॅथेड्रल, गेट्सहेडचा तो पंख पसरलेला लोखंडी देवदूत, एक दिवस एडिंबरा आणि परतीच्या वाटेवर नातेवाइकांसाठी सेलमधले शर्ट! या यादीत मी गेली काही वर्षे हार्टलपूल घातले आहे. ते नाव ऐकले की आमच्या मित्रमंडळींच्या भुवया वर जातात. "हार्टलपूल? तिथे आहे तरी काय?"

खरे सांगायचे तर हार्टलपूल प्रसिद्ध आहे ते माकडासाठी. नेपोलियनशी युद्ध चालू असताना एक फ्रेंच जहाज या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातून वाचलेले एकुलते एक माकड किनाऱ्याला लागले. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी माकडालाच फ्रेंच हेर समजून फाशी दिले, अशी दंतकथा आहे. गावाने ही थट्टा इतकी मनावर घेतली, की फुटबॉल क्लबचे सोंगही माकडाचेच केले आणि २००२ साली ते सोंग घेणाऱ्या तरुणालाच चक्क महापौर म्हणून निवडून दिले. स्वतःवर हसू शकणारे गाव मला आवडते.

पण मी पाहुण्यांना तिथे नेतो ते माकडासाठी नव्हे. तिथल्या जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांची, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची एक युद्धनौका पाण्यावर उभी आहे. तिचे नाव 'एचएमएस ट्रिंकोमाली'. नाव श्रीलंकेतल्या बंदराचे, मालकी ब्रिटिश नौदलाची, पण ही लेक आहे आपल्या मुंबईची! १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ती पाण्यात सोडली गेली. आजही तरंगत असलेली ही सर्वात जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. नेल्सनची 'व्हिक्टरी' तिच्याहून जुनी आहे खरी, पण ती कोरड्या गोदीत टेकलेली आहे. साऱ्या जगात पाण्यावर असलेल्या युद्धनौकांत ट्रिंकोमालीहून जुनी अमेरिकेतल्या बॉस्टनची 'कॉन्स्टिट्यूशन', १७९७ सालची.

मी २००३ साली न्यूकॅसलला एमएस्सी करायला आलो. पुढे आयटीतली कन्सल्टिंगची नोकरी लागली आणि एका कामासाठी काही महिने हार्टलपूलच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुपारी सँडविच खायला गोदीकडे गेलो असताना पाटीवर 'बॉम्बे' हा शब्द वाचला आणि सँडविच हातातच राहिले. डोंबिवलीला वाढलेल्या माणसाला परदेशात मुंबईचे नाव दिसले की काय होते, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

सागवानाची गोष्ट

या नौकेची जन्मकथा मोठी गमतीची आहे. नेपोलियनशी चाललेल्या लांबलचक युद्धात ब्रिटिशांनी इतकी जहाजे बांधली, की त्यांच्याकडे चांगल्या ओकची टंचाई झाली. मुंबईत मात्र मलबारचा सागवान येत होता. सागवानात तेल असते, त्यामुळे त्याला कीड सहजी लागत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडही टिकते. ओकमधले आम्ल लोखंडाला खाते. शिवाय मुंबईकडे वाडिया होते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या इथे जहाजे बांधली. १८१२ साली ट्रिंकोमालीची ऑर्डर निघाली तेव्हा मुख्य बांधणीकार होते जमशेटजी बमनजी वाडिया.

तिचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेतून निघाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, डिसेंबर १८१२ मध्ये, 'जावा'ला एका अमेरिकन युद्धनौकेने गाठले आणि तिचा निकाल लावला. नकाशेही त्याबरोबर गेले. ती अमेरिकन नौका कोणती असेल? तीच, बॉस्टनची 'कॉन्स्टिट्यूशन'! म्हणजे आज तरंगत असलेल्या या दोन म्हाताऱ्यांपैकी एकीने दुसरीची जन्मपत्रिकाच बुडवली होती. मग नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली आणि १८१६ साली मुंबईत काम सुरू झाले. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी तिच्या तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकला.

आणखी एक तारीख आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. ट्रिंकोमाली पाण्यात उतरली आणि त्यानंतर बरोबर २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. दुसऱ्या बाजीरावाचे राज्य तिथून उतरणीला लागले ते संपलेच. मुंबईत जहाज तयार होत होते आणि शेदीडशे किलोमीटरवर मराठी सत्तेचा शेवट जवळ येत होता. शाळेत आपण खडकी शिकलो, पण त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते ते कुणी सांगितले नाही.

वाडियांनी बांधलेल्या जहाजांनी पुढे इतिहासात बराच हात मारला. १८४२ साली चीनने ज्या तहान्वये हाँगकाँग ब्रिटिशांना दिले, त्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या 'कॉर्नवॉलिस' या मुंबईत बांधलेल्या नौकेवर. १८२७ सालच्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरलची नौका होती 'एशिया', तीही मुंबईचीच. जमशेटजींबद्दल एक गोष्ट सांगतात. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या आत, सहसा कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा तुळईवर, त्यांनी गुपचूप कोरून ठेवले होते की हे जहाज एका 'काळ्या' माणसाने बांधले आहे. शब्द याहून जरा तिखट होते, गोरे लोक वापरायचे तसेच. बऱ्याच वर्षांनी ते जहाज दुरुस्तीला आले तेव्हा ते अक्षर त्यांनीच हसत हसत दाखवले, असे म्हणतात.

जमशेटजींचे नाव निदान राहिले. चांदीचा एक खिळा त्यांनी ठोकला. बाकीचे हजारो खिळे ज्यांनी ठोकले, ते सुतार, लोहार, करवती ओढणारे, ओंडके वाहणारे, त्यांची नावे कुठल्या पाटीवर सापडत नाहीत. हार्टलपूलच्या डेकवर उभे राहिले की माझे लक्ष हटकून त्या खिळ्यांकडे जाते.

मामा

आता आमच्या मामांविषयी. आईचे हे थोरले भाऊ. गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीकाठी. घरची थोडी कलमे, थोडे भात, आणि पाच भावंडे. सोळाव्या वर्षी ते नौदलात भरती झाले. पुढे लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'वर इंजिनचे शिक्षण झाले आणि १९७१ साली ते 'विक्रांत'च्या बॉयलर रूममध्ये होते. वय तेवीस.

विक्रांतचे नाव आपल्या पिढीला माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. पण ती कुठे जन्मली, हे मला न्यूकॅसलला येईपर्यंत ठाऊक नव्हते. ती जन्मली आमच्या इथे, टाईन नदीच्या काठी! वॉकर नावाच्या भागात व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी १९४३ साली सुरू झाली आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरली. तोवर युद्ध संपले होते. ब्रिटिशांना तिची गरज उरली नाही आणि ती अर्धवट अवस्थेतच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला तिचे काम पुरे झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' म्हणून ती भारतीय नौदलात आली.

१९७१ च्या युद्धात विक्रांतने काय केले ते पुस्तकांत आहे. ४ डिसेंबरपासून तिच्या 'सी हॉक' विमानांनी कॉक्सबाजार आणि चितगावावर हल्ले चढवले आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली. तिला बुडवण्यासाठी आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडीच विशाखापट्टणमजवळ बुडाली. हे सगळे मी वाचले ते पुस्तकांत. मामांनी यातले काहीच पाहिले नव्हते!

"अरे, मी खाली होतो," ते म्हणायचे. "वर काय चाललंय ते वरच्यांना ठाऊक. मला माझा काटा ठाऊक."

त्या काट्याची गोष्ट अशी. विक्रांतला चार बॉयलर होते आणि युद्धाच्या आधी त्यांतल्या एकाला तडा गेला होता. मूळ वेग २४-२५ नॉट, पण आता तो पुष्कळच कमी ठेवावा लागणार होता. वेग कमी म्हणजे डेकवरून विमान उडवायला समोरून लागणारा वाराही कमी. अशी जखमी नौका युद्धात न्यायची की नाही यावर वरिष्ठांत बरीच चर्चा झाली आणि शेवटी तिला न्यायचे ठरले. विमान उडवायला डेकवर वाफेवर चालणारे कॅटापल्ट असते. बेचकीतून दगड सुटावा तसे ते विमानाला फेकते. त्याची वाफही याच बॉयलरांची. "वर एक विमान सुटलं, की खाली काटा किंचित हलायचा. आम्ही मोजायचो. एक गेलं. दोन गेली. परत किती आली ते मात्र काट्यावर कळत नसे. ते जेवणाच्या वेळी कळायचं."

कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या विक्रांतचा इतिहास मी वाचला होता, पण त्या युद्धाचे इतके नेमके वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही.

गावाकडे मात्र त्या वेळी भलतेच चालले होते. विक्रांत बुडाल्याची अफवा कुणीतरी रेडिओचा हवाला देऊन गावात आणली. आजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच चूल पेटवली आणि म्हणाली, "तो पोहतो. लहानपणापासून पोहतो." जानेवारीत मामांचे पोस्टकार्ड आले. त्यात क्षेमकुशल होते आणि कलमांना पाणी घालण्याची सूचना होती!

मामांचा एक बॅचमेट मात्र परत आला नाही. तो 'खुकरी'वर होता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. मुल्लांनी नौका सोडायला नकार दिला, हे देशाला माहीत आहे. मामा त्या विषयावर एवढेच बोलतात : "आमचा पाच रुपयांचा हिशोब होता. त्याच्याकडे माझे होते की माझ्याकडे त्याचे, आता आठवत नाही. माझ्याकडेच असणार."

दारूखाना

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. पुढे ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळू लागली. २००२ साली मामांनी मला तिथे नेले. आम्ही दोघे डेकवर उभे राहिलो, पण मामांचे लक्ष वर नव्हतेच. त्यांना खाली जायचे होते. खाली जिथवर सोडत होते तिथवर जाऊन आले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "रंग चांगला दिलाय." त्या स्वरात काय होते, ते मला पुढे समजले. पोलाद आतून गंजत चालले होते. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने ती लोकांसाठी बंद झाली. जतन करायला लागणारा खर्च कुणालाच पेलेना. प्रकरण कोर्टात गेले, मुंबई उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. लिलावात सुमारे ६० कोटी रुपये आले. २०१४ साली तिला दारूखान्यात ओढत नेले आणि नोव्हेंबरमध्ये तोडायला सुरुवात झाली.

त्या दिवसांत मामा वर्तमानपत्र घ्यायचे, घडी न उघडता मामींकडे द्यायचे. मामी वाचून दाखवत नसत. दोघांचा तो अबोल करार होता. पुढे विक्रांतच्या धातूचा वापर करून बजाजने एक मोटारसायकल काढली आणि गावात एका पोराने ती घेतली. मामांनी त्याला रस्त्यात थांबवले, टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, निदान पुन्हा धावतेय तरी. हिला तेलपाणी वेळेवर कर." पोरगा अजून त्यांना भेटला की आधी सर्व्हिसिंगची तारीख सांगतो!

आता हा हिशोब मांडून बघा. मुंबईत बांधलेली लाकडी नौका दोनशे वर्षांनंतरही हार्टलपूलला तरंगते आहे. तिथून तीसेक मैलांवर टाईनकाठी बांधलेली पोलादी नौका मुंबईत तोडली गेली. दोघींनी जणू घरे बदलली आणि एकीलाच नशीब लाभले. हे सांगितले की आपली मंडळी लगेच म्हणतात, "बघा, इंग्रजांना कदर आहे, आपल्याला नाही." मीही कदाचित इथेच थांबलो असतो. पण हार्टलपूलच्या गोदीत मामांना घेऊन गेलो तेव्हा वेगळेच काही ऐकायला मिळाले.

दोन आगवाले

२०२३ च्या उन्हाळ्यात मामा-मामी आमच्याकडे आले. मामांची पंच्याहत्तरी झालेली. ट्रिंकोमालीवर चढताना जिन्यावर त्यांनी माझा हात झिडकारला. खालच्या डेकवर छत इतके बुटके, की मी दोनदा डोके आपटून घेतले. मामा मात्र मान सवयीने खाली घालून झरझर चालत होते. एका तुळईपाशी थांबले, बोटांच्या सांध्यांनी टकटक केले, नाक जवळ नेले. "सागवान," म्हणाले, "आपल्या घराच्या माजघरातला खांब असाच वाजतो."

तिथे एक वयस्कर स्वयंसेवक होते. मामांच्या टोपीवरचे नौदलाचे चिन्ह पाहून ते जवळ आले. तेही माजी नाविक, तेही बॉयलर रूमचे! आधी ते या नौकेची हकीकत सांगू लागले. तिने मोठी लढाई अशी कधी लढलीच नाही. १८१९ साली इंग्लंडला पोचली तेव्हा युद्ध संपले होते, म्हणून पाव शतक तिला नुसते छप्पर घालून ठेवले. १८४७ पासून दहा वर्षांत दोन मोठ्या सफरी केल्या, वेस्ट इंडीज आणि पॅसिफिक. मग राखीव नाविकांच्या प्रशिक्षणासाठी ती वापरली आणि त्या काळात काही वर्षे हार्टलपूललाच होती. १८९७ साली तीही भंगारात विकली गेली! इथे मामांनी मान वर केली.

"मग?"

मग व्हीटली कॉब नावाच्या एका धनिकाने ती भंगारवाल्यांकडून घेतली. त्याची स्वतःची 'फुद्रॉयाँ' नावाची जुनी नौका त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली होती. त्याने ट्रिंकोमालीला तेच नाव दिले आणि तिच्यावर मुलांना समुद्राचे शिक्षण द्यायला सुरुवात केली, आधी फॅलमथला, नंतर पोर्ट्समथला. हे १९८६ पर्यंत चालले. किती पिढ्यांची मुले तिच्या डेकवर हॅमॉकमध्ये झोपली असतील! १९८७ साली ती दुरुस्तीसाठी हार्टलपूलला आली. बंद पडलेल्या गोद्यांमधले कसबी हात तिथे मोकळेच होते. १९९२ साली तिला जुने नाव परत मिळाले आणि २००१ साली काम पुरे झाले. आजही तिच्यातले निम्म्याहून अधिक लाकूड मुंबईहून आलेलेच आहे.

पोर्ट्समथला तिच्या शेजारी 'इम्प्लॅकेबल' नावाची आणखी एक जुनी नौका उभी असायची, ट्रॅफल्गरच्या वेळची, फ्रेंचांकडून जिंकलेली. तिचे काय झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा असा प्रश्न पडला आणि २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिशांनी स्वतःच तिला समुद्रात नेऊन सुरुंग लावून बुडवले. वर ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे लावून! त्या घटनेची बोच इथल्या जहाजप्रेमींना अजून आहे. पुढच्या जहाजांसाठी लोक हट्टाने उभे राहिले त्यामागे ती बोच होती.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला 'त्यांना कदर, आपल्याला नाही' हा सोपा हिशोब कोलमडला. ट्रिंकोमाली नुसत्या अभिमानाने वाचलेली नाही. दर वेळी कुणालातरी तिचा काहीतरी उपयोग सापडला, आणि दर वेळी कुणीतरी रोज सकाळी तिचे पाणी उपसले, फटी बुजवल्या, दोर बदलले. अर्थात लाकडी नौकेची एकेक फळी बदलता येते. वीस हजार टनांच्या घरातल्या पोलादी विमानवाहू नौकेचे तसे नाही, हेही खरे.

त्यानंतर त्या स्वयंसेवकांनी मामांना विचारले, "तुम्ही कुठल्या बोटीवर होता?" मामांनी सांगितले. मग ते म्हणाले, "मी हर्मीसवर होतो."

एक क्षण कुणी बोलले नाही. 'हर्मीस' म्हणजे फॉकलंडच्या युद्धातली ब्रिटिशांची मुख्य नौका, जी भारताने घेतली आणि १९८७ पासून 'विराट' म्हणून २०१७ पर्यंत चालवली. तिला वाचवण्याचे प्रयत्न दोन्ही देशांत झाले. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगच्या भंगार किनाऱ्यावर गेली.

"तिला नीट ठेवलीत ना, शेवटपर्यंत?" त्यांनी विचारले.

मामांचे इंग्रजी नौदलातले, तुटक पण पक्के. ते म्हणाले, "आमच्या पोरांनी तिचे बॉयलर तीस वर्षं चालू ठेवले."

त्यांना तेवढे पुरले असावे. दोघे एका बाकावर बसले आणि पुढचा पाऊण तास मी आणि मामी गोदीत आइस्क्रीम खात फिरलो. परत आलो तेव्हा मामा हाताने कुठलातरी व्हॉल्व्ह फिरवून दाखवत होते आणि ते गृहस्थ मान डोलावत होते. वाफ, मिठाच्या गोळ्या, चार तासांची पाळी, याला भाषा फारशी लागत नाही. निघताना मामा एवढेच म्हणाले, "विजयदुर्गाखाली यांनी आपली गलबतं जाळली आणि साठ वर्षांनी आपल्याकडूनच ही बांधून घेतली."

मी म्हटले, "मामा, १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळायला इंग्रज आले, तेव्हा पेशवेही त्यांच्या बाजूला होते."

"ते ठाऊक आहे रे," मामा म्हणाले. "आमच्या खाडीवर ते कुणी विसरत नाही."

आपल्या घरातला इतिहास

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. ही पूर्णपणे भारतात बांधलेली. त्याच दिवशी नौदलाला नवा झेंडा मिळाला आणि त्यातला अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. मामांनी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला आणि मला फोन करून पहिला प्रश्न विचारला, "हिला बॉयलर किती?" गॅस टर्बाइन आहेत, बॉयलर नाहीत, म्हटल्यावर थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, "बरं आहे. पोरांना उकडणार नाही."

जुनी विक्रांत आता कुठल्या गोदीत पाहायला मिळणार नाही. तिचे जे काही उरले आहे ते तिच्यावर काम केलेल्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि त्यांतली १९७१ च्या युद्धातली माणसे आता म्हातारी झाली आहेत. ॲडमिरलांच्या आठवणी छापल्या गेल्या, ते योग्यच झाले. पण काटा हलताना विमाने मोजणाऱ्यांच्या आठवणी कोण लिहिणार? जमशेटजींचा चांदीचा खिळा नोंदला गेला आणि बाकीचे खिळे राहिले, तसेच इथेही होईल.

म्हणून मी एक साधा उद्योग सुरू केला आहे. दर रविवारी सकाळी मामांना व्हिडिओ कॉल लावायचा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचे. सुरुवातीला मी "युद्धाचं सांगा" म्हणायचो, तेव्हा ते वर्तमानपत्रासारखे बोलायचे. "पाळी संपल्यावर पहिली आंघोळ कुठे करायचात?" असे विचारले तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. आतापर्यंत सतरा रेकॉर्डिंगे झाली आहेत. माझी बारा वर्षांची मुलगी तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत प्रश्न विचारते आणि तिच्या प्रश्नांना मामा माझ्यापेक्षा जास्त खरी उत्तरे देतात. तिने परवा विचारले, "तुम्हाला भीती वाटली का?" मी कधी असे विचारले नसते. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाळीवर नाही. झोपताना. खालच्या माणसाला वर यायला किती जिने, ते मी रोज झोपण्याआधी मोजायचो."

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत यंदाही आजोबा, काका, मामा येतील. कुणी नौदलातले, कुणी माझगाव डॉकमधले, कुणी मर्चंट नेव्हीतले. त्यांना डरहॅम दाखवा, एडिंबरा दाखवा. एक दिवस हार्टलपूललाही आणा. न्यूकॅसलहून गाडीने तासाभराच्या आत पोचता, डबा बरोबर घेतला तर गोदीत बसून खाता येतो, आणि खालच्या डेकवर डोके तेवढे सांभाळा. परत आल्यावर चहाच्या वेळी फोन टेबलावर उलटा ठेवा, रेकॉर्डिंग चालू करतोय असे सांगून चालू करा आणि विचारा, तुमची पाळी कितीची होती?